जागच्या जागी

लखनौत संगणकाविषयी काही बोलायचं तर सुरुवात मुलायमसिंहांपासून करावी लागते. मार्च २०१३ मध्ये इथल्या कॉल्विन तालुकेदार कॉलेजच्या मैदानावर अखिलेश यादवांच्या सरकारने बारावी पास मुलामुलींना लॅपटॉप वाटायला सुरुवात केली. एचपी कंपनीचे, नगाला १९,०५८ रुपये पडलेले, एकूण १५ लाखांची ऑर्डर. लॅपटॉप सुरू केला की आधी मुलायमसिंह-अखिलेश या पिता-पुत्रांची छबी दर्शन देई, मग पुढचं काम. पिशवीवरही तीच जोडी. ते चित्र काढायला गेलं तर मशीनच बसतं, अशी वदंता तेव्हा शहरभर होती. खरं-खोटं करून बघायचं धाडस आमच्या गल्लीत तरी कुणी केलं नाही. फुकट मिळालेल्या वस्तूशी माणूस जरा जपूनच वागतो.

त्या लॅपटॉपात दोन ऑपरेटिंग सिस्टिम होत्या, विंडोज ७ आणि उबुंटू. आत शिरण्याआधी कुठल्या दाराने जायचं ते सांगावं लागे. सरकारचा विचार चांगलाच असणार: एक सगळ्यांच्या ओळखीची, एक मुक्त आणि फुकट, पोरांनी दोन्ही शिकाव्यात. आमच्या शेजारच्या वकीलसाहेबांच्या मुलीला असा एक लॅपटॉप मिळाला होता. तिने विंडोज धरली ती धरली, दुसरीकडे पुन्हा ढुंकून पाहिलं नाही. वकीलसाहेबांनी तर पहिल्या संध्याकाळीच निकाल दिला होता, ‘‘भाईसाहब, एका खटल्यात दोन वकील घातले की नुसत्या तारखा पडतात.’’

चांगली ऑपरेटिंग सिस्टिम कोणती, हा प्रश्न जाणत्यांना विचारला तर ते वेग सांगतात, सुरक्षा सांगतात, स्मृती किती खाते ते सांगतात. सगळं बरोबर. पण ज्यांच्यासाठी ती बनते त्या वकीलसाहेबांना विचारलं तर ते विचारतील, ‘‘वो क्या होता है?’’ त्यांच्या लेखी मशीन असतं, प्रिंटर असतो, आणि दोघांच्या मधे जे काही आहे ते बिघडलं की पुतण्याला फोन करायचा असतो. हे अज्ञान मला तरी अगदी निरोगी वाटतं. आपल्या यकृताची माहिती आपल्याला यकृत दुखायला लागल्यावरच होते.

मुलगी शिकून नोकरीसाठी बंगळूरला गेली आणि लॅपटॉप वारसाहक्काने मुन्शीजींकडे आला. मुन्शीजी म्हणजे वकीलसाहेबांचे कारकून. कैसरबागच्या कचेरीत त्यांची हयात गेली. अर्ज, शपथपत्रं, वकालतनामे, भाडेकरार हे सगळं ते कृतिदेवमध्ये टाइप करतात. कृतिदेव ही उत्तर भारतातल्या कचेऱ्यांची कुलदेवता. खरं तर तो एक फॉण्ट, पण बहुरूपी. मशीनला वाटतं माणूस इंग्रजी टाइप करतोय; पडद्यावर आणि कागदावर मात्र देवनागरी दिसते. ‘राम’ लिहायचं तर बोटं जे, के आणि ई वर पडतात: जेचा र, केचा काना, ईचा म. ती फाइल कृतिदेव नसलेल्या मशीनवर उघडली की रामाचा पत्ता नाही, तिथे जेकेई उभे. कळफलकावर जी अक्षरं मावली नाहीत त्यांना आकडे दिलेले. ऑल्टची कळ दाबून धरायची आणि ०१९७ मारायचं की दीर्घ ऊ उमटतो. म्हणजे हिंदीत ‘लखनऊ’ लिहायचं तर इथल्या टायपिस्टाला स्वतःच्या गावाचं शेवटचं अक्षर चार आकडी संकेताने बोलवावं लागतं. मुन्शीजी तो आकडा न बघता मारतात. लॅपटॉपला उजवीकडे आकड्यांचा वेगळा पट्टा नव्हता, म्हणून पहिल्याच आठवड्यात त्यांनी साडेतीन हात लांब वाटावा असा बाहेरचा कीबोर्ड जोडून घेतला. त्याची पावती ते वकीलसाहेबांना अजूनही अधूनमधून दाखवतात.

आमच्या आडनावात ळ आहे. तो कृतिदेवमध्ये शिफ्ट आणि जी दाबल्यावर मिळतो, पण अवधात त्याला गिऱ्हाईक नाही. माझा पहिला भाडेकरार करताना मुन्शीजींचं बोट त्या अक्षरापाशी बराच वेळ हवेत राहिलं होतं. आता माझं काम असलं की ते आधी एक-दोन ळ टाइप करून हात मोकळा करून घेतात.

तांत्रिकदृष्ट्या कृतिदेव म्हणजे अडाणीपणा आहे, हे त्यांना मी समजावून सांगितलं. युनिकोड सांगितलं. इथून दोन तासांवरच्या कानपूरच्या आयआयटीत १९८०च्या दशकात मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिप्यांसाठी जिस्ट तंत्रज्ञान कसं उभं केलं, ते पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये कसं वाढलं, हे जरा गावाकडचा अभिमान मिसळून सांगितलं. त्याच दशकात ठरलेला इनस्क्रिप्ट कळफलक दाखवला: स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, आणि मांडणी हिंदी, मराठी, बंगाली, तमिळ सगळ्यांना एकच. ज्या कळेवर आपला क, त्याच कळेवर त्यांचाही. एवढी सुंदर व्यवस्था इंग्रजीच्या नशिबात नाही. मुन्शीजींनी सगळं शांतपणे ऐकलं. म्हणाले, ‘‘बहुत अच्छी चीज़ है. नए लड़कों को सिखाइए.’’ आणि माझ्याशी बोलता बोलता टाइप केलेलं शपथपत्र त्यांनी प्रिंटरला लावलं. त्यात एकही चूक नव्हती.

याच शहरातली २०१५ची एक गोष्ट आहे. हजरतगंजच्या जीपीओसमोर पदपथावर एक पासष्टीचे टायपिस्ट तीन-साडेतीन दशकं बसत. सप्टेंबरात एका पोलीस उपनिरीक्षकाने त्यांना उठवताना त्यांचा टाइपरायटर फोडला. हात जोडून उभे असलेल्या त्या म्हाताऱ्याचे आणि फुटलेल्या यंत्राचे फोटो देशभर फिरले. उपनिरीक्षक निलंबित झाला, आणि मुख्यमंत्र्यांच्या सांगण्यावरून जिल्हाधिकारी व पोलीसप्रमुख जातीने त्या टायपिस्टाच्या घरी गेले. हातात नवा टाइपरायटर. मुख्यमंत्री कोण, तर तेच अखिलेश, ज्यांनी १५ लाख लॅपटॉप मागवले होते. त्यांनी एक लॅपटॉप पाठवला असता तर फोटो जास्त आधुनिक आला असता, भाषणही झालं असतं. शिवाय मुंबईच्या गोदरेजने टाइपरायटर बनवणं त्याआधीच थांबवलेलं, तेव्हा नवं यंत्र मिळवायला कुणाला तरी धावपळ करावी लागली असेल. पण गेलं तेच परत दिलं. त्या सरकारचा यंत्रांविषयीचा सर्वांत शहाणा निर्णय कोणता, असं कुणी विचारलं तर मी लॅपटॉपचं नाव न घेता याचं घेईन.

कारण त्या म्हाताऱ्या माणसाची मालमत्ता ते लोखंडी यंत्र नव्हतंच. त्याची मालमत्ता त्याच्या दहा बोटांत होती आणि ती चालायला त्याच जागी त्याच कळा लागत होत्या. ऑपरेटिंग सिस्टिम बनवणाऱ्यांना नेमकं हेच समजत नाही. त्यांना वाटतं बटण कंपनीचं आहे. कागदोपत्री असेलही, पण वीस वर्षं एका कोपऱ्यात गेलेला हात ज्याचा, त्याची त्या कोपऱ्यावर वहिवाट असते. हे मत वकीलसाहेबांकडून तपासून घेतलं आहे. ते म्हणाले, खटला कमकुवत आहे, पण दाखल करता येईल.

विंडोज ९५ने पडद्याच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात ‘स्टार्ट’ हे बटण बसवलं. संगणक बंद करायलाही ‘स्टार्ट’च दाबावं लागतं यावर जगाने भरपूर विनोद केले, पण दाबायचं कुठे हे सगळ्यांना कळलं. सतरा वर्षांनी, ऑक्टोबर २०१२ मध्ये, विंडोज ८ आली आणि ते बटण गायब. त्याऐवजी रंगीत फरश्यांची एक भिंत. लोकांनी इतका गिल्ला केला की वर्षभरात ८.१ मध्ये बटण परत कोपऱ्यात आलं. मग २०२१ मध्ये विंडोज ११ने ते उचलून मधोमध ठेवलं. सेटिंगमध्ये जाऊन डावीकडे नेता येतं, हे खरं. पण सेटिंगमध्ये जाणारा माणूस आणि वकीलसाहेब या दोन वेगळ्या जमाती आहेत. फुकटवाल्यांनाही ही खाज सुटतेच. उबुंटूने २०११ मध्ये घराची सगळी मांडणी बदलून ‘युनिटी’ नावाचं नवं रूप दिलं, लोक रुसले, काही निघून गेले, उरलेल्यांना सवय झाली, आणि सवय झाली तशी २०१७ मध्ये त्यांनी ते सोडून देत असल्याचं जाहीर केलं. ॲपलचं एक मानावं लागेल. १९८४च्या पहिल्या मॅकमध्ये मेन्यूची पट्टी पडद्याच्या वरच्या कडेला होती, ती आजही तिथेच आहे. त्यामागे नुसता हट्ट नाही. पडद्याची कड बाणाला अडवते. माउस वर भिरकावला तरी बाण कडेशीच थांबतो, नेम धरावा लागत नाही. ज्यांचा हात थोडा कापतो त्यांना हे फार कळतं.

बदलतात का, तर नवं नवंच दिसावं म्हणून. आतून कितीही डागडुजी केली तरी ती कुणाला दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या कामाचे पैसे मागताना जीभ अडखळते. म्हणून दर्शनी भागाची मोडतोड. दुसरं एक कारण त्याहून वाईट आहे: साधा माणूस म्हणजे मंद माणूस, ही समजूत. मायक्रोसॉफ्टने १९९५ मध्ये ‘बॉब’ नावाचा प्रकार आणला होता. संगणक सुरू केला की पडद्यावर दिवाणखाना, शेगडी, खुर्ची, टेबलावर कागद, आणि मदतीला बोलणारा कुत्रा. पत्र लिहायचं तर टेबलावरच्या वहीला हात लावायचा. वर्षभरात तो बाजारातून उठला. ज्यांच्यासाठी एवढं घर सजवलं त्यांना घर नको होतं, त्यांना पत्र लिहायचं होतं. मुन्शीजींना ०१९७ पाठ आहे, दिवाणी संहितेतले आदेश आणि नियम पाठ आहेत, कुठल्या खिडकीवर कुठला बाबू किती वाजता जेवायला उठतो तेही पाठ आहे. त्यांना बोलणारा कुत्रा कशाला?

मग ते अपडेट. कोणत्या सिस्टिमचं ते नाव घेत नाही, सगळ्या एकाच माळेचे मणी आहेत. शपथपत्राची मुदत चार वाजेपर्यंत, आणि साडेतीनला पडद्यावर मजकूर: काम चालू आहे, मशीन बंद करू नका. बावीस टक्के. वकीलसाहेब त्या बावीस टक्क्यांकडे न्यायाधीशाकडे पाहावं तसं अदबीने पाहत उभे. त्याआधी मशीनने विचारलं होतं म्हणे. काय विचारलं होतं? आत्ता करू की रात्री? लखनौत ‘नाही’ म्हणायच्या शंभर नाजूक तऱ्हा आहेत, एकेक ऐकून समोरचा खूश होऊन जातो. आणि या चौकटीत एकही नव्हती. सुरक्षेसाठी दुरुस्त्या लागतात हे मला मान्य आहे, चोर काही सुट्टीवर जात नाहीत. पण कुलूप बदलायला आलेल्या माणसाने जाता जाता कपाटंही हलवून ठेवावीत, हा कुठला रिवाज?

अपडेट म्हणजे काय ते वकीलसाहेबांना खऱ्या अर्थाने कळलं १ जुलै २०२४ ला. त्या दिवशी १८६०चा भारतीय दंड विधान कायदा गेला आणि भारतीय न्याय संहिता लागू झाली. खुनाचं ३०२ जाऊन १०३ आलं, फसवणुकीचं ४२० जाऊन ३१८. चाळीस वर्षं जिभेवर बसलेले आकडे एका रात्रीत शिळे. राज कपूरच्या सिनेमाचं नाव बदलायला कुणी जाणार नाही, एवढाच काय तो दिलासा. ‘‘रीस्टार्ट मारना पड़ा,’’ ते म्हणाले. पण मी त्यांच्या वहीत पाहिलं, नव्या कलमापुढे ते कंसात जुनं लिहितात. बरेच वकील असंच करतात. जुने खटले जुन्याच कायद्याने चालतात, त्यामुळे दोन्ही आकडे काही वर्षं शेजारी शेजारी नांदणार. एवढ्या मोठ्या देशाच्या फौजदारी कायद्याला हे जमतं. बटण हलवणाऱ्या कंपनीला जुन्या जागी ‘मी इकडे गेलोय’ अशी चिठ्ठीही ठेवावीशी वाटत नाही.

बदलूच नये, असं म्हणणं नाही. तसं म्हणायला लखनौ हे चुकीचं गाव आहे. कचेरीपासून फार लांब नाही, त्याच कैसरबागेत, नवाब वाजिद अली शाहच्या परीखान्यात भातखंडे संस्कृती विद्यापीठ आहे. १९२६ मध्ये ते मॅरिस कॉलेज म्हणून सुरू झालं तेव्हा त्यामागे विष्णु नारायण भातखंडे होते. मुंबईचे, शिक्षणाने वकील. घराण्याघराण्यांत कुलुपबंद असलेल्या चिजा त्यांनी गावोगाव फिरून, उस्तादांची मनधरणी करून गोळा केल्या आणि क्रमिक पुस्तकांच्या सहा भागांत मराठीत छापून मोकळ्या केल्या. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी त्यांची तसबीर लावायला हरकत नाही. पण त्याहून हुशारी त्यांच्या स्वरलिपीत आहे. त्यांनी नवी चिन्हं फारशी शोधलीच नाहीत. सा रे ग म ही लोकांना ठाऊक असलेली अक्षरं तशीच ठेवली. मंद्र सप्तक असेल तर अक्षराखाली टिंब, तार असेल तर डोक्यावर टिंब. स्वर कोमल तर खाली आडवी रेघ, मध्यम तीव्र तर वर उभी रेघ. झालं. ज्याला टिंबं-रेघा नको त्याने नुसते सा रे ग म वाचावेत. ज्याला हव्यात त्याला दोन दिवसांत कळतात. आणि गावातल्या साध्या छापखान्यालाही फार जड नाही. कुणाच्या गळ्यातलं काही हललं नाही. थाटांच्या दहा कप्प्यांवर पंडितांनी पुढे भरपूर भांडणं केली, अजूनही करतात, पण टिंबाविषयी तक्रार करणारा विद्यार्थी मला इथे भेटलेला नाही. पुढे श्री. ना. रातंजनकरांनी हे कॉलेज कितीतरी वर्षं सांभाळलं. त्यांनी काय शिकवलं यावर मोठमोठे लोक लिहून गेले आहेत, मी त्यात पडत नाही. माझं कौतुक टिंबाचं आहे.

वकीलसाहेबांच्या स्वतःच्या डेस्कटॉपवर विंडोज १० होती. १४ ऑक्टोबर २०२५ ला तिचा नियमित पाठिंबा संपला. मशीन ठणठणीत, पण विंडोज ११ चढवायला नको तेवढं वयस्क. माणसाला साठाव्या वर्षी निवृत्त करतात तसंच हे. पुतण्या लिनक्स मिंट टाकून द्यायला तयार होता. त्याने दाखवलं तेव्हा मी चाट पडलो: मेन्यूचं बटण डाव्या खालच्या कोपऱ्यात, घड्याळ उजवीकडे, सगळं जिथल्या तिथे. परक्याच्या घरात आपल्या घरची मांडणी. सी-डॅकने २००७ मध्ये काढलेली स्वदेशी ‘बॉस’ही आहे, हे मी सांगितलं. वकीलसाहेब म्हणाले, घरी एक बॉस आहे, कोर्टात एक आहे, तिसरा नको. मिंटवर ते जवळपास राजी झाले होते. अडलं ते प्रिंटरवर आणि सहीच्या डोंगलवर. प्रिंटर शेवटी चालला. डोंगलने मात्र नव्या घरात ओळख दाखवायला नकार दिला, आणि डोंगलशिवाय डिजिटल सही नाही. जगातली सर्वांत देखणी ऑपरेटिंग सिस्टिम बोटाएवढ्या प्लास्टिकपायी हरते.

म्हणून आम्ही हजरतगंजच्या बाजूला नाझा मार्केटमध्ये गेलो. मुन्शीजी त्यांचा बाहेरचा कीबोर्ड पिशवीत घालून बरोबर. दुकानदार चटपटीत होता. त्याने तीन मशीनं ओळीने सुरू केली, पडदे झगमगले, एकात तर आपल्याशी बोलणारा मदतनीसही होता. मुन्शीजींनी मधल्या मशीनला आपला कीबोर्ड जोडला, कृतिदेव आहे का विचारलं, दुकानातल्या पोऱ्याने ते पेनड्राइव्हवरून टाकलं, आणि ऑल्ट दाबून त्यांनी ०१९७ मारलं. ऊ उमटला. त्यांनी मान डोलावली. वकीलसाहेबांनी माउस हातात घेतला आणि सवयीने डाव्या कोपऱ्यात नेला. तिथे हवामान होतं.

‘‘साहब, इसमें सब कुछ नया है,’’ दुकानदार म्हणाला.

‘‘तो ज़रा पुराना दिखाइए.’’

दुकानदाराने एकदा आम्हा तिघांकडे पाहिलं, पोऱ्याला हाक मारली आणि सेकंडहँडच्या कपाटाची किल्ली आणायला सांगितली.